ब्रिटनमध्ये न्यायालयाला कायदा रद्द करता येत नाही; मग मानवी हक्कांवरून एवढं भांडण कशाचं?

जुलै २०१८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयानं भारत सरकारकडे एक व्हिडिओ मागितला. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबरच्या बराकीचा. विजय मल्ल्या यांचं प्रत्यार्पण झालं तर त्यांना तिथे ठेवणार होते, आणि दिवसा त्या खोलीत उजेड किती येतो हे न्यायाधीशांना बघायचं होतं. मुंबईतल्या बराकीच्या उजेडाशी लंडनच्या न्यायालयाला काय करायचंय, असं कुणालाही वाटेल. पण तसं बघणं त्यांना भागच होतं. ब्रिटनचा प्रत्यार्पणाचा २००३ चा कायदा सांगतो की माणूस परदेशाच्या हवाली करण्याआधी त्याच्या मानवी हक्कांचा भंग होणार नाही ना, हे तपासा. हे हक्क कुठले? तर युरोपीय मानवी हक्क करारातले. त्याचं तिसरं कलम म्हणतं, कुणाचाही छळ करू नये, कुणाला अमानुष किंवा मानहानीकारक वागणूक देऊ नये.

बराक पास झाली, डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयानं प्रत्यार्पणाच्या बाजूनं निकाल दिला. (मल्ल्या त्यानंतरही तिथेच राहिले, ती कथा वेगळी.) फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र लंडनच्या उच्च न्यायालयानं शस्त्रास्त्र व्यवहारांतले सल्लागार संजय भंडारी यांना भारतात पाठवायला नकार दिला. तिहार तुरुंगात खंडणी आणि मारहाणीचा धोका आहे, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. कलम तेच, तिसरं.

याच करारातून ब्रिटननं बाहेर पडावं, असं आता तिथले दोन मोठे पक्ष उघड म्हणताहेत. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेची ती जुनीच मागणी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केमी बेडनॉक यांच्या हुजूर पक्षानंही तेच धोरण जाहीर केलं. सत्तेतला मजूर पक्ष म्हणतो, करारात राहू, पण त्याचा अर्थ जरा आवळून घेऊ.

## ब्रेक्झिट झालं ना? मग हा युरोप कुठला?

हा गोंधळ ब्रिटिशांचाही होतो. युरोपियन युनियन वेगळी आणि काउन्सिल ऑफ युरोप वेगळी. काउन्सिल १९४९ ची. तिच्यात आज ४६ देश आहेत. नॉर्वे, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, युक्रेन हे युनियनच्या बाहेरचे देशही त्यात आहेत. मानवी हक्क करार या काउन्सिलचा, आणि त्याचं न्यायालय फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला. युनियनच्या संसदेची इमारतही स्ट्रासबर्गलाच, आणि बारा ताऱ्यांचा निळा झेंडा दोघांचा एकच. मग लोक गोंधळले तर नवल नाही. ब्रिटन २०२० मध्ये युनियनमधून बाहेर पडला, काउन्सिलमधून नाही.

करारावर सह्या झाल्या ४ नोव्हेंबर १९५० रोजी, रोममध्ये. नाझी राजवटीत सगळं कायद्याच्या कागदावर व्यवस्थित लिहून झालं होतं, याची आठवण तेव्हा ताजी होती. मसुद्यावर ज्यांचा मोठा हात होता ते डेव्हिड मॅक्सवेल फाइफ न्युरेंबर्ग खटल्यात सरकारी वकील होते, आणि पक्षानं हुजूर. करार सर्वात आधी मंजूर करणारा देशही ब्रिटनच, १९५१ मध्ये. आजचा हुजूर पक्ष ज्याला परकं लोढणं म्हणतो, ते त्यांच्याच आजोबांनी घडवलेलं आहे.

## आपल्यासारखं तिथलं सर्वोच्च न्यायालय कायदा रद्द का करत नाही?

इथे मराठी वाचकाला थोडं थांबावं लागतं, कारण आपली सवय वेगळी आहे. महाराष्ट्र विधिमंडळानं एकमतानं केलेला मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ रोजी रद्द केला. निर्णय पटो न पटो, न्यायालयाला तसा अधिकार आहे का, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. आपल्याकडे राज्यघटना सगळ्यांच्या वर आहे. संसद आणि विधिमंडळ तिच्या खाली.

ब्रिटनला अशी एक लिखित राज्यघटना नाही. तिथे सर्वात वर संसद. संसदेनं रीतसर केलेला कायदा कितीही अन्यायकारक असला तरी न्यायालय तो रद्द करू शकत नाही. (स्कॉटलंडच्या विधिमंडळाचे कायदे रद्द होऊ शकतात. उत्तर आयर्लंडपुरता ब्रेक्झिट करारातून आलेला एक अपवादही आहे. तो इथे सोडून देऊ.)

सरकारचं मात्र तसं नाही. मंत्र्यानं किंवा सरकारी खात्यानं अधिकाराबाहेर जाऊन काही केलं, तर न्यायालय ते रद्द करतं. याला न्यायिक पुनरावलोकन म्हणतात. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत संसद पाच आठवडे तहकूब केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमतानं ती तहकुबी बेकायदा ठरवली आणि दुसऱ्या दिवशी खासदार सभागृहात परत बसले. पंतप्रधानांना अडवता येतं. संसदेला नाही.

## १९९८ चा कायदा आणि ऑडिटरचा शेरा

करार १९५० चा असला तरी अर्धशतकभर तो ब्रिटिश न्यायालयांत थेट चालत नव्हता. दाद मागायची तर देशातली सगळी न्यायालयं संपवून स्ट्रासबर्गला जायचं, आणि त्यात वर्षं जायची. टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं १९९८ मध्ये मानवी हक्क कायदा केला. २ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला. त्यानं हे हक्क घरच्या न्यायालयात आणले.

पोलीस, रुग्णालयं, नगरपालिका, तुरुंग अशा सगळ्या सार्वजनिक संस्थांना त्यानं करार बंधनकारक केला. न्यायालयांना सांगितलं, की कुठलाही कायदा वाचताना शक्य तितका कराराशी जुळेल असा वाचा. घरभाड्याच्या १९७७ च्या कायद्यात भाडेकरू वारल्यावर ‘पती किंवा पत्नी म्हणून’ सोबत राहणाऱ्याला घरात राहण्याचा हक्क होता. २००४ मध्ये लॉर्डांच्या न्यायालयानं (तेव्हा देशातलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) हे शब्द समलिंगी जोडीदारालाही लागू केले. कायद्यातलं अक्षरही बदललं नाही, आणि माणसाचं घर वाचलं.

पण कायदा कसाही वाचला तरी जुळतच नसेल तर? तर वरिष्ठ न्यायालय ‘विसंगतीची घोषणा’ करतं. म्हणजे काय, ते आपल्या गृहनिर्माण सोसायटीत बघा. ऑडिटर अहवालात लिहितो की अमुक ठराव उपविधींना धरून नाही. तेवढ्यानं ठराव रद्द होत नाही, वर्गणी तशीच वसूल होत राहते. पण पुढच्या सर्वसाधारण सभेत कमिटीला त्या शेऱ्यावर उत्तर द्यावं लागतं, आणि दोन वर्षं तोच शेरा राहिला की सभासद कुजबुजू लागतात. ब्रिटिश न्यायालयाची घोषणा म्हणजे असा शेरा. कायदा चालूच राहतो. लाज वाटून बदलायचा की नाही, ते संसदेनं ठरवायचं.

## लाज किती काम करते?

यासाठी पंजाबपासून सुरुवात करावी लागते. एका शीख फुटीरतावादी नेत्याला राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून भारतात पाठवायचं ब्रिटिश सरकारनं १९९० मध्ये ठरवलं. त्याचं म्हणणं, पंजाब पोलीस माझा छळ करतील. १९९६ मध्ये चहल खटल्यात स्ट्रासबर्गनं निकाल दिला, की छळाचा खरा धोका असेल तिथे माणूस कितीही घातक असो, त्याला पाठवता येणार नाही. तिसऱ्या कलमाला अपवाद नाही आणि सुरक्षेचं कारण तिथे चालत नाही. भारत सरकारनं दिलेली हमीही न्यायालयाला पुरेशी वाटली नाही.

मग ११ सप्टेंबर २००१ आलं. दहशतवादाचा संशय असलेले परदेशी लोक ब्रिटनमध्ये होते. चहलमुळे त्यांना त्यांच्या देशात धाडता येत नव्हतं आणि खटला चालवायला पुरावा नव्हता. सरकारनं कायदा केला, की अशांना खटल्याशिवाय अनिश्चित काळ डांबता येईल. लंडनच्या बेलमार्श तुरुंगात काही जणांना ठेवलं. १६ डिसेंबर २००४ रोजी लॉर्डांच्या न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांपैकी आठ म्हणाले, हे कराराविरुद्ध आहे. तोच संशय ब्रिटिश नागरिकावर असला तर तो बाहेर फिरतो आणि परदेशी माणूस मात्र आत, हा उघड भेदभाव आहे.

निकाल लागला तरी तुरुंगाचं दार उघडलं नाही. कायदा जिवंतच होता. पण तीन महिन्यांत संसदेनं तो सोडून दिला आणि नजरकैदेसारख्या निर्बंधांचा नवा कायदा आणला. शेऱ्यानं काम केलं.

ब्रिटनची सगळी व्यवस्था या सभ्यतेवर उभी आहे. न्यायालयानं मर्यादा सोडायची नाही आणि संसदेनं कान बंद करायचे नाहीत. एकानं कान बंद केले तर काय होतं, ते रवांडा प्रकरणात दिसलं.

## रवांडा: संसद म्हणते सुरक्षित, म्हणजे सुरक्षित

इंग्लिश खाडी ओलांडून रबरी बोटींतून येणाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये ४५ हजारांवर गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉन्सन सरकारनं योजना मांडली: अशांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायचं, आश्रयाचा अर्ज तिथेच तपासला जाईल, आणि मंजूर झाला तर त्यांनी तिथेच राहायचं. १४ जूनचं पहिलं विमान स्ट्रासबर्गच्या अंतरिम आदेशामुळे उडालंच नाही.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं योजना बेकायदा ठरवली. परदेशी पाठवणं मुळातच चूक, असं न्यायालय म्हणालं नाही. म्हणणं एवढंच, की रवांडात अर्जांची छाननी धड होत नाही; सीरिया, येमेन, अफगाणिस्तानसारख्या युद्धग्रस्त देशांतल्यांचे सगळे अर्ज तिथे फेटाळले गेले होते. त्यामुळे या लोकांना जिथून जीव घेऊन पळावं लागलं तिथेच परत धाडलं जाईल, हा धोका खरा आहे.

यावर ऋषी सुनक सरकारचं उत्तर कायद्याच्या इतिहासात राहील. त्यांनी रवांडाशी नवा करार केला आणि संसदेकडून कायदा करून घेतला, की प्रत्येक अधिकाऱ्यानं आणि न्यायालयानं रवांडा सुरक्षित आहे असं निर्णायकपणे मानावं. पाच महिन्यांपूर्वी पुरावे तपासून देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं काढलेला निष्कर्ष मतदानानं फिरवला. मानवी हक्क कायद्याची बरीचशी कलमं या बाबतीत लागू नाहीत, असंही त्यात लिहिलं. शेऱ्याचं कलम तेवढं शिल्लक ठेवलं. एप्रिल २०२४ मध्ये राजाची संमती मिळाली, आणि न्यायालयांच्या हातात फारसं काही उरलं नाही.

मला यात आश्रितांच्या प्रश्नापेक्षा जास्त धक्कादायक वाटते ती ही गोष्ट, की वस्तुस्थिती काय आहे हेसुद्धा बहुमतानं ठरवता येतं. जुलै २०२४ मध्ये सत्ता बदलली आणि किअर स्टार्मर यांनी योजना गुंडाळली. तोवर सुमारे ७० कोटी पौंड खर्च झाले होते आणि रवांडाला गेले होते चार जण, तेही स्वखुशीनं. म्हणजे कायदा न्यायालयात नाही, निवडणुकीत हरला. निवडणूक दोन वर्षांनी असती तर?

## ‘हा करार गुन्हेगारांना वाचवतो’ हे खरं आहे का?

थोडं खरं, बरंच फुगवलेलं. २०११ च्या पक्ष अधिवेशनात तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी सांगितलं, की एका बेकायदा स्थलांतरिताला त्याच्याकडे पाळीव मांजर आहे म्हणून परत पाठवता आलं नाही. मी हे रचून सांगत नाहीये, असंही वर म्हणाल्या. न्यायव्यवस्थेच्या कार्यालयानं लगेच खुलासा केला, की निकालाचा मांजराशी संबंध नव्हता. गृहखात्यानं स्वतःचंच धोरण पाळलं नव्हतं म्हणून ते हरलं. मांजर मात्र आजही वर्तमानपत्रांतून फिरतंय.

वाद असतो तो बहुतेक वेळा आठव्या कलमावर, म्हणजे खाजगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर. तिसऱ्या कलमासारखं ते निरपवाद नाही. सार्वजनिक हितासाठी त्याला मुरड घालता येते, आणि संसदेनं ती घातलेलीच आहे. बारा महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्या परदेशी गुन्हेगाराची रवानगी २००७ च्या कायद्यानं जवळपास आपोआप ठरते. चार वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल तर कुटुंबाचं कारण ‘अत्यंत सबळ’ असावं लागतं, असं २०१४ चा कायदा म्हणतो. तरीही काही निकाल विचित्र लागतात. त्यातले कितीतरी वरच्या न्यायाधिकरणात उलटतात. ते उलटले ही बातमी मात्र होत नाही.

आणि या कलमाचा सरळमार्गी माणसाशीही संबंध आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलानं पुण्याहून बायको आणायची तर किमान उत्पन्नाची अट आहे. आधी वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ पासून २९,००० आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिला आव्हान दिलं गेलं ते आठव्या कलमाच्याच आधारानं. अट टिकली; पण मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर मार्गांचा विचार व्हायलाच हवा, असं न्यायालयानं सुनावलं. करार नागरिकांनाच नव्हे, त्या देशाच्या अधिकारक्षेत्रात असलेल्या प्रत्येकाला लागू होतो, म्हणून व्हिसावर असलेल्या माणसालाही हे दार उघडं आहे.

## ज्याला कुठेही पाठवायचं नाही, त्याला काय?

१९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. मृत्यूच्या कारणांच्या पहिल्या न्यायालयीन चौकशीनं (इन्क्वेस्ट) अपघात म्हणून फाइल बंद केली, आणि पोलिसांनी तर दोष प्रेक्षकांवरच ढकलला. नव्यानं झालेली चौकशी जीविताच्या हक्काला, म्हणजे करारातल्या दुसऱ्या कलमाला, धरून व्यापक झाली, आणि २०१६ मध्ये ज्युरीनं हे मृत्यू बेकायदा ठरवले. लंडनमध्ये एका टॅक्सीचालकानं वर्षानुवर्षं स्त्रियांवर अत्याचार केले, पोलिसांनी तक्रारींचा धड तपास केला नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना जबाबदार धरलं, तेही तिसऱ्या कलमाखाली.

आपल्या लोकांशी जवळची गोष्ट त्याहून जुनी. केनियात, युगांडात पिढीभर राहिलेल्या गुजराती, पंजाबी, गोवेकर कुटुंबांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. आफ्रिकीकरणाची लाट आल्यावर ती ब्रिटनकडे निघाली, आणि १९६८ मध्ये संसदेनं काही दिवसांत घाईनं कायदा करून त्यांची वाट अडवली. पासपोर्ट ब्रिटिश, पण वाडवडील ब्रिटनमध्ये जन्मलेले नाहीत, असा निकष. म्हणजे सोप्या भाषेत, कातडीचा रंग. देशातल्या न्यायालयांना काही करता येण्यासारखं नव्हतं. १९७३ मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगानं म्हटलं, की वंशावरून असं वेगळं काढणं हीच मानहानीकारक वागणूक आहे.

## पण न्यायाधीशांना कुणी निवडून दिलं?

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. १९५० च्या मजकुरातून स्ट्रासबर्गनं गेल्या सत्तर वर्षांत बरंच काही काढलं, जे सह्या करणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश जोनाथन सम्प्शन म्हणतात, की हे राजकीय निर्णय आहेत, ते मतदारांनी घ्यावेत. करारातून बाहेर पडावं, असंही त्यांचं मत आहे. त्यांना बोटींचं भांडवल करायचं नाही, म्हणून त्यांचं म्हणणं मला जास्त वजनदार वाटतं.

तरी स्ट्रासबर्गच्या ताकदीचा बाऊ फार होतो. कैद्यांना सरसकट मतदानबंदी चूक, असं ते २००५ मध्ये म्हणालं. ब्रिटिश खासदारांनी २०११ मध्ये २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदीच्या बाजूनं कौल दिला आणि पुढे वर्षानुवर्षं टोलवाटोलवी केली. शेवटी तात्पुरत्या सुटीवर बाहेर असलेल्या काही कैद्यांपुरती सवलत देऊन प्रकरण मिटलं. ना फौज आली, ना दंड झाला.

## बाहेर पडलं तर बोटी थांबतील?

एवढ्यानं नाही. रवांडा निकालातच न्यायालयानं लिहिलंय, की जिवाला धोका असलेल्या ठिकाणी माणसाला परत न धाडण्याचं तत्त्व एकट्या या करारात नाही. निर्वासितांच्या १९५१ च्या करारात ते आहे, छळविरोधी करारात आहे, ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्यांतही आहे. तेही सोडायचे झाले तर यादी लांबत जाते. शिवाय माणूस परत पाठवायला दुसऱ्या देशानं घ्यावाही लागतो, आणि त्यावर कुठलंही न्यायालय उपाय करू शकत नाही.

उत्तर आयर्लंडचा पेच त्याहून अवघड. तीस वर्षांचा रक्तपात ज्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानं थांबला, त्यात मानवी हक्क करार तिथल्या कायद्याचा भाग असेल, असं वचन आहे. युरोपियन युनियनशी झालेल्या व्यापार आणि सहकार्य करारात पोलीस सहकार्याचा भाग आहे, आणि ब्रिटननं मानवी हक्क करार सोडला तर तो भाग संपतो.

मजूर सरकारनं म्हणूनच मधला रस्ता धरलाय. गृहमंत्री शबाना महमूद यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये आठव्या कलमातलं ‘कुटुंब’ मुख्यतः आईवडील आणि मुलं यांच्यापुरतं आखायचा बेत जाहीर केला. डिसेंबरमध्ये ब्रिटनसह २७ देशांनी स्थलांतराच्या बाबतीत कराराचा अर्थ आवळून घ्यावा असं संयुक्त निवेदन काढलं. म्हणजे तक्रार फक्त ब्रिटनची नाही. डेन्मार्क, इटली यांचीही आहे.

बाहेर पडायची रीत ५८ व्या कलमात आहे: सहा महिन्यांची नोटीस. पण पंतप्रधानांनी नुसतं पत्र पाठवून भागेल असं दिसत नाही. ब्रेक्झिटच्या वेळी, जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं होतं की देशातला कायदा ज्यानं बदलतो तो करार सोडायला संसदेची परवानगी लागते. तोच मुद्दा इथेही न्यायालयात जाईल, हे जवळपास नक्की. आणि नोटिशीचे सहा महिने संपण्याआधी सरकारनं जे काही केलं असेल, त्याची उत्तरं बाहेर पडल्यावरही स्ट्रासबर्गलाच द्यावी लागतील, असं तेच कलम सांगतं.